नारिंगी तेवढा राहू दे

तुमच्या अंगावरच्या शर्टाचा रंग कोणी ठरवला? तुम्ही म्हणाल, मीच. दुकानात गेलो, आवडला, घेतला. मग एकदा चाकणच्या एखाद्या गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहा. आधी निळे शर्ट बाहेर येतात आणि कंपनीच्या बसमध्ये बसतात. त्यांच्यामागून नारिंगी येतात आणि रिक्षा शोधतात. निळे म्हणजे कायम, नारिंगी म्हणजे कंत्राटी. माझी आई नऊ वर्षं नारिंगीत होती. निळ्या शर्टातला माणूस पत्रा दाबायची जी प्रेस चालवायचा तीच चालवायची. हा नारिंगी रंग फोटोतून पुसून द्या, असं सांगायला आलेल्या कंपनीच्या साहेबाला ज्या माणसाने चहा पाजून परत पाठवलं, त्या शेडचाचांबद्दल मला लिहायचं आहे.

शेड म्हणजे रंगाची छटा. चाचा आधी भोसरीकडच्या एका कारखान्याच्या पेंटशॉपमध्ये होते. गाडीचा दरवाजा आणि गाडीचं बॉनेट यांचा लाल एकच आहे की नाही, हे नमुन्याशेजारी धरून नुसत्या डोळ्यांनी सांगायचं, हे त्यांचं काम. पुढे ते काम करणारं यंत्र आलं आणि चाचांनी मोशीत, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पीठगिरणी आणि पंक्चरवाला यांच्या मधल्या गाळ्यात फोटोचं दुकान टाकलं. घराणं चाकणचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. पोरींच्या शाळेच्या फॉर्मवर मातृभाषेसमोर ते 'मराठी' लिहीत, आणि कोणी भुवया उंचावल्या तर म्हणत, "मग काय लिहू? माझी आई शिव्या कशात देती त्येच लिवणार."

त्यांचा एक नियम होता आणि तो दुकानात पाटीवर नव्हता, तोंडात होता. "रंग काढीन. घालणार न्हाई."

या नियमापायी त्यांनी किती गिऱ्हाइकं घालवली याला मी साक्षीदार आहे. एकदा वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी एक होतकरू भाऊ आले. गळ्यात साखळी, मागे चार कार्यकर्ते. म्हणाले, "चाचा, चेहरा जरा उजळ करा." चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "भाऊ, हा रंग तुमच्या आईनं दिलाय. तिची परवानगी आणा, लगेच करतो." कार्यकर्ते हसले आणि भाऊंनी त्यांच्याकडे वळून पाहिल्यावर गप्प झाले. फ्लेक्स दुसरीकडे गेला. चौकात लागला तेव्हा भाऊंचा चेहरा गुलाबी आणि कान सावळे होते. चाचा रोज येताजाता त्या कानांना सलाम करायचे.

रंग काढण्यात मात्र ते उस्ताद होते. सगळा फोटो काळापांढरा आणि त्यात एकच वस्तू रंगीत, ही फॅशन आली तेव्हा निगडी-सांगवीपासून जोडपी त्यांच्याकडे यायची. लाल शालू तेवढा लाल, बाकी सगळं राखाडी. एक नवरदेव म्हणाला, माझी शेरवानी रंगीत ठेवा आणि बाकी सगळं काळंपांढरं. चाचांनी विचारलं, "लगीन एकट्याचंच लागलं का?" नवरी इतकी हसली की शेवटी दोघांच्या हातातल्या हारांचा रंग ठेवायचा ठरला.

मी त्यांच्याकडे शिकायला गेले ती बारावीनंतर. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं होती. बाबा लातूरहून आले ते कारखान्यात आणि कारखान्यातून कामगार संघटनेत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' यावरून. बाबा गेल्यावर पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मजकूर मला जमायचा. प्रत्येक वाक्यातून ठिणगी उडालीच पाहिजे, असा माझा हट्ट. पण नुसता मजकूर कोणी वाचत नाही, चित्र लागतं, म्हणून मी चाचांच्या गाळ्यात जाऊन बसले.

त्यांचा कॉम्प्युटर जुना होता आणि त्यावरचं फोटोचं सॉफ्टवेअर मोफत होतं. इंटरनेटवरून कोणीही उतरवून घ्यावं, असं. रस्त्यापलीकडचा फ्लेक्सवाला नावाजलेलं महागडं सॉफ्टवेअर वापरायचा, चोरून उतरवलेलं, आणि चाचांना हसायचा. "चाचा, फुकटच्या अवजारानं कुठं धंदा होतो का?" चाचा म्हणायचे, "माझं चोरीचं न्हाई आन्‌ भाड्याचंबी न्हाई. जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी बसून बनवलंय आन्‌ म्हणलेत, घ्या. असल्या मालाला फुकट न्हाई म्हणत राव. इनाम म्हणतात."

शिकवण्याची त्यांची पद्धत सोपी होती. रंगीत फोटो उघडायचा. त्याची एक प्रत त्याच्याच डोक्यावर ठेवायची. वरच्या प्रतीतला रंग उडवायचा. मग वरच्या प्रतीला मास्क लावायचा आणि काळ्या ब्रशने जिथे घासू तिथे वरचा थर नाहीसा होऊन खालचा खरा रंग दिसायला लागतो. "बघ," ते म्हणायचे, "आपण रंग देत न्हाई. तो खाली असतोच. आपण वरचा पडदा सारायचा." आणि मी घाईने ब्रश फिरवायला लागले की माउसवर हात ठेवून थांबवायचे. "रंग ठेवणं म्हंजी बोट दाखवणं. कोणाकडं दाखवायचं ते आधी ठरव, मग घास."

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही पेंटशॉपमध्ये कुठल्या रंगात होता? ते बराच वेळ एका पासपोर्ट फोटोच्या कडा कापत राहिले. मग म्हणाले, "निळ्यात. आमच्याकडं कंत्राटी खाकीत असायचे. कँटीनची रांग वेगळी. वीस वर्षं मी रंगांतला केसाएवढा फरक ओळखत होतो पोरी, आन्‌ त्या रांगेतल्या एकाचंबी नाव मला ठाव नव्हतं." त्यानंतर त्यांनी कात्री खाली ठेवली आणि गिरणीवाल्याला उगाचच हाक मारून पाण्याचं विचारलं.

कदाचित म्हणूनच त्यांची दुसरी सवय जडली असावी. फोटो कोणीही काढायला सांगो, फोटोत जो जो असेल त्याला ते एक प्रत द्यायचे. ऑर्डर घेतानाच सांगायचे, "ज्याचा चेहरा त्याला कॉपी. चालत असंल तर बोलवा." कंपन्यांना यात काही वावगं वाटत नसे. खंडेनवमीच्या फोटोची कोणाला काय भीती?

आमच्या पट्ट्यात खंडेनवमी कशी होते हे इथे राहिलेल्याला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन बंद ठेवतात. धुतात, पुसतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात. ज्याची मशीन त्यानेच हार घालायचा आणि त्यानेच नारळ फोडायचा. झाडलोट करणारे झाडूची पूजा करतात, ड्रायव्हर गाडीची, वॉचमन गेटची. दुसऱ्याच्या मशीनला हार घालायला कोणी जात नाही आणि कोणी जाऊही देत नाही. त्या वर्षी आईच्या कंपनीने फोटो काढायला शेडचाचांना बोलावलं. प्रेसची लाइन, बावीस माणसं, प्रत्येकजण आपापल्या मशीनला टेकून. आईच्या हातात फुटलेल्या नारळाची दोन शकलं. चाचांनी नियमाप्रमाणे बावीस प्रती दिल्या. आमची देव्हाऱ्याच्या बाजूला लागली.

आठच दिवसांनी कंपनीचे साहेब मोशीच्या गाळ्यात आले. मी तिथेच होते, एका बारशाच्या फोटोतली पिशवी काढून टाकत. साहेब नम्र माणूस. स्टुलावर बसले, चहा घेतला. म्हणाले, "चाचा, तो पूजेचा फोटो मोठा करून रिसेप्शनला लावायचाय. बाहेरदेशातले पाहुणे येतायत. फक्त एक करा, सगळे शर्ट निळे करून द्या. पाच मिनिटांचं काम."

"का हो?"

"एक कुटुंब दिसायला पाहिजे."

"मंग एकच कापड द्या की सगळ्यांना," चाचा म्हणाले. "शर्ट वाटा, मला बोलवा, मी पुन्ना फोटो काढतो. पैशे नका देऊ."

साहेब हसले. चाचा हसले नाहीत. साहेबांनी वर्षभराची ऑर्डर पुढे केली, ओळखपत्रांचे फोटो, कार्यक्रम, सगळं. चाचांनी कप उचलून मोरीत ठेवला आणि म्हणाले, "त्या बाया नारिंगीत हुत्या. मी बघितल्यात."

मला वाटलं होतं गोष्ट तिथे संपली. ती तिथे सुरू झाली. पाहुणे येऊन गेल्यावर महिन्याभरात कंत्राटी लोकांना कमी करायच्या नोटिसा लागल्या. आईसकट सतराजणींना. संघटनेने कामगार कार्यालयात तक्रार केली, तर कंपनीने लेखी उत्तर दिलं की या बायका साफसफाईच्या कामाला होत्या, मशीनवर कधीच नव्हत्या. आईने ते उत्तर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग उजव्या हाताचा तळवा उघडून बघत बसली. प्रेसच्या दांड्याने पडलेला घट्टा तिथे आहे. "नऊ वर्षं मी काय झाडू धरून ऱ्हायले व्हय गं?" एवढंच म्हणाली. आईला लाइनवरून काढलं तर ती दुसऱ्या गेटवर पुन्हा पहिल्या दिवसापासून नारिंगी होणार होती. आणि तिथेही नऊ वर्षांनी झाडूच तिच्या हातात दाखवला जाणार होता.

देव्हाऱ्याशेजारचा फोटो काढून मी चाचांकडे धावले. चाचांनी मूळ फाइल उघडली. "नारिंगी तेवढा राहू दे, बाकी काळंपांढरं," मी म्हटलं. "पत्रकावर छापते. सुनावणीलाही देऊ."

रंगावरून निवडायच्या अवजाराने नारिंगीवर टिचकी मारली तर शर्टांबरोबर सगळ्या मशीनचे हारही निवडले गेले. झेंडूच तो. मी वैतागून म्हटलं, "आता हे सगळे हार हाताने वगळायचे." आई माझ्याबरोबर आली होती, मागे बाकावर बसली होती. ती उठून पडद्याजवळ आली. "काय करायलीस? हार ठिव की. ज्याची मशीन त्याचाच हार असतोय. तेच तर दाखवायचंय."

चाचांनी आईकडे बघितलं आणि मान डोलावली. "मी हिला दोन वर्षं शिकवतोय, वहिनी. बोट कुठं दाखवायचं ते तुमी एका दमात सांगितलं."

फोटो तयार झाला. राखाडी भिंती, राखाडी छप्पर, राखाडी चेहरे. त्यात नारिंगी शर्ट आणि त्या शर्टांशेजारी नारिंगी हार, एकाला एक लागून, ओळीने. सोळा.

सोळा. सतरा नव्हे. सतरावी रेखाताई. ती फोटोत होती, तिच्या मशीनला हार होता, पण तिच्या अंगावर निळा शर्ट होता. का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं. एवढं माहीत होतं की ती कंत्राटी आहे, आईबरोबर सात वर्षं आहे आणि तिलाही नोटीस आहे. फाइल मी पेनड्राइव्हवर घरी नेली आणि रेखाताईचा शर्ट नारिंगी केला. सोपं असतं. शर्ट निवडायचा आणि रंगाची पट्टी सरकवायची. मला वाटलं, यात खोटं काय? मी तर खऱ्यालाच त्याचा रंग परत देतेय. पत्रक छापून आणलं. तीनशे प्रती. वर मथळा, 'ही झाडू मारणारी माणसं आहेत काय?' मोठ्या दिमाखात पहिली प्रत चाचांपुढे ठेवली.

त्यांनी बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्या पेनड्राइव्हवरची फाइल उघडली आणि वरच्या थराच्या नावासमोरचं डोळ्याचं चिन्ह टिचकी मारून मिटवलं. तसं केलं की रंगहीन थर जातो आणि खालचा मूळ फोटो उघडा पडतो. त्यात रेखाताई नारिंगी होती. तिच्या मशीनच्या चकचकीत पत्र्यात तिचं प्रतिबिंब पडलं होतं. ते निळं होतं.

"मानसाला रंगवलंस," चाचा म्हणाले. "पत्र्याला काय सांगशील?"

"पण चाचा, ती कंत्राटीच आहे. मी खोटं नाही केलं."

"त्या दिवशी तिच्या अंगावर निळा हुता."

"कंपनी एवढं मोठं खोटं बोलते आणि तुम्हाला एका शर्टाचं..."

"तो साहेब आला हुता ना, त्यालाबी असंच वाटत हुतं. एका शर्टाचं काय." ते ओरडले नाहीत. त्यांनी ते कधीच केलं नाही. "ती कंत्राटी हाय हे तिला तोंडानं सांगू दे. तिला तोंड हाय. तू फोटोच्या तोंडात शब्द कोंबू नको."

मी रडले, ते लाजेने नव्हे, रागाने. लाज नंतर आली. तीनशे पत्रकं वाटली गेली नाहीत. मागची बाजू कोरी होती. चाचांनी तिचे चौकोन कापले आणि वर्षभर त्यावर गिऱ्हाइकांची नावं लिहिली. मी गाळ्यात गेले की माझाच मथळा अर्धा कापलेला समोर दिसायचा. त्यांनी ते मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. ते मुद्दामच होतं.

कामगार कार्यालयात सुनावणीची खोली लहान होती आणि बायका सतरा. आमच्या बाजूने फोटो पुढे गेला तसा कंपनीचा प्रतिनिधी उठला. "साहेब, हा एडिट केलेला फोटो आहे."

अधिकाऱ्यांनी चाचांना विचारलं, "एडिट केलाय?"

"व्हय," चाचा म्हणाले. संघटनेच्या माणसाने कपाळाला हात लावला. चाचांनी लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला. "हा वरचा थर. हा काढला की हा मूळ. रंग काढलाय, घातलेला न्हाई. एकबी न्हाई. यांच्याकडंबी हाच फोटो हाय, मीच दिलाय. शेजारी ठेवून बघा."

प्रतिनिधीने खरंच आपल्या फायलीतून कंपनीची प्रत काढली. लॅपटॉपवरचा मूळ फोटो आणि ती प्रत शेजारीशेजारी ठेवून अधिकारी वाकून बघत होते, तेव्हा मला माझी पत्रकं आठवली. माझी तीनशेतली एक प्रत जरी या टेबलावर असती तर सतराजणी तिथल्या तिथे खोट्या ठरल्या असत्या. आणि त्यांना खोटं ठरवणारी मी असते.

दोन्ही फोटोंत रेसभर फरक नव्हता. प्रतिनिधीने दुसरी वाट धरली. "पूजा होती, सगळे जमले होते. कोणीही कुठेही उभं राहिलं असेल."

अधिकाऱ्यांनी आईला विचारलं, "हा नारळ कोणी फोडला?"

"म्या."

"का?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली, हा काय प्रश्न आहे, अशी. "माझी मशीन हाय ती. झाडणाऱ्या बायकांनी झाडूला कुकू लावलं त्या दिवशी. मला झाडूच दिला असता तर म्या झाडूच पुजला असता की. माझ्या हाती हार कशाला दिला मग यांनी?"

अधिकारी इथलेच असावेत. त्यांनी प्रतिनिधीकडे नुसतं बघितलं. प्रतिनिधीही इथलाच होता, रीत त्यालाही ठाऊक होती. मग त्याचं बोट रेखाताईवर गेलं. "ही निळ्यात आहे. हिला पण नोटीस आहे. म्हणजे शर्टावरून काही ठरत नाही, साहेब."

मी चाचांकडे बघितलं. ते रेखाताईकडे बघत होते. ती उठली. पदर दोन्ही हातांत धरला.

"एकीचा जादाचा शर्ट मागून घातला व्हता," ती म्हणाली. "त्या दिवसापुरता. गावाकडं सासूला फोटो पाठवायचा व्हता. सून कायम झाली, असं तिला वाटावं म्हणून." मग पदर सोडून, "ज्या बाईचा शर्ट व्हता ती माझ्या शेजारची मशीन चालवते. मशीनी दोन्ही एकच हाईत, साहेब. इचारा तिला."

ते वाक्य जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरने तयार झालं नसतं. मी ते जवळजवळ पुसून टाकलं होतं.

निकाल अजून लागायचा आहे. पण निकाल लागेपर्यंत कोणाला काढायचं नाही, असा हुकूम झाला आणि आई परत तिच्या प्रेसवर गेली. त्यानंतर दोन महिन्यांत कंपनीने एक गोष्ट केली. सगळ्यांना नवे शर्ट वाटले. सगळ्यांना निळे. हजेरीची पुस्तकं दोन वेगवेगळीच राहिली, बस फक्त कायम असलेल्या निळ्यांनाच राहिली, फक्त गेटवर उभं राहून आता फरक कळत नाही. फोटोत रंग बदलता आला नाही म्हणून त्यांनी तो माणसांवर बदलला. ही बातमी मी चाचांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. "माझाच सल्ला ऐकला की गं. कापड वाटलं. आता फोटो काढायला मला बोलवत्यात का बघ."

त्यांना कोणी बोलावलं नाही. त्या कंपनीने नाही, शेजारच्यांनीही नाही. बारसं आणि पासपोर्टवर गाळा चालेना. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या उन्हाळ्यात चाचा मंचरला लेकीकडे गेले. जाताना कॉम्प्युटर मला दिला. "चोरीचा न्हाई, भाड्याचा न्हाई," म्हणाले, "कुणाला भ्यायचं कारण न्हाई." मी पाया पडायला वाकले तर हाताला धरून उठवलं आणि विचारलं, "रेखाच्या सासूला कळलं का गं?" कळलं होतं. सासूने फोटो भिंतीवरून उतरवला नव्हता. तेवढं ऐकून ते टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले.

मी अजून पत्रकं लिहिते. ठिणग्या जरा कमी असतात. प्रत्येक आकडा मी बोटाने दोनदा मोजते.

आता तुम्ही. भोसरी, चाकण, तळवडे, कुठेही असा. तुमच्याकडेही शर्ट एका रंगाचे होत असतील किंवा होणार असतील. तुमच्या घरात, कपाटात, देवाशेजारी खंडेनवमीचा एक जुना फोटो असेल. आज तो खाली काढा. त्याला उजळवू नका, शर्टाला हात लावू नका. मागे पेनने लिहा, कोण उभं आहे, कोणाची मशीन, कुठल्या रंगात. ज्यांची नावं आठवणार नाहीत, त्यांच्या घरी जाऊन विचारून या.